औषध गोळीत आहे, आपा

आपा, तुम्ही गेलात आणि आईनं गोळी बंद केली.

हेच सांगायला बसले आहे. बाकीचं तुमच्याबद्दल लोक सांगतायत. चौकात तुमचा फोटो लावलाय आणि खाली लिहिलंय, ‘काढ्यानं हजारोंना जीवदान देणाऱ्या’. ते वाचून माझं डोकं भणभणलं. फलक बांधणाऱ्या पोरांना म्हटलं, अरे, त्या एमबीबीएस होत्या, गळ्यात स्टेथोस्कोप होता, तुम्हाला फक्त काढाच दिसला का? त्यातला एक म्हणाला, "ताई, आता मयतीत तरी पत्रक वाटू नका." तुम्ही असता तर या वाक्यावर खळखळून हसला असतात आणि आलेल्या प्रत्येक पेशंटला ते ऐकवलं असतंत.

गुलमंडीच्या मागच्या बोळातून परवा गेले. तुमच्या दवाखान्याच्या दाराला कुलूप आहे. शेजारच्या कापडवाल्यानं तुमच्या पायरीवर त्याची एक पुतळी आणून ठेवली आहे, नवा ड्रेस घातलेली. लांबून वाटलं, कुणीतरी नंबर लावून उभं आहे.

तुमच्या टेबलाच्या उजव्या हाताला बीपीचं मशीन, थर्मामीटर, गोळ्यांच्या पट्ट्या असायच्या. डाव्या हाताला तुमच्या अब्बांच्या चिनी मातीच्या बरण्या. अब्बा हकीम, मुलगी डॉक्टर, आणि मुलीनं दोन्हींतलं काहीच टाकलं नाही. पेशंट आत आला की तो कुठल्या बाजूला बघतो हे तुम्ही आधी बघायचात. उजवीकडं बघणाऱ्याशी थेट बोलायचात. डावीकडं बघणाऱ्याला बसवून घ्यायचात, त्याचा हात हातात धरायचात, मनगटाजवळ अंगठ्यानं दाबत राहायचात, आणि मग हळूच मशीनचा पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळायचात. मी याला एकदा नाटक म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत, "हात धरण्याला नाटक म्हणतेस? मग मोर्च्यात तुम्ही काय करता?"

आई कायम डावीकडं बघायची.

तिचं कारण तुम्हाला माहीत होतं. बाबा शेवटचं वर्षभर मूठ-मूठ गोळ्या खात होते. हृदय थकलं होतं, गोळ्यांनी ते जेवढं ओढता येईल तेवढं ओढलं. पण आईनं जे बघितलं ते असं, की माणूस गोळ्या खाऊ लागला आणि गेला. तिनं आयुष्यात कधी कुठला बाबा-बुवा केला नाही, बाबांनी करू दिला नाही. पण गोळीच्या पट्टीकडं ती अंगणात साप निघाल्यासारखी बघायची. म्हणूनच तिचं डोकं ठणकायला लागलं, नळावर पाणी भरताना भिंत धरायला लागली, तरी ती सांगत नव्हती. मी तिला ओढत तुमच्याकडं आणली. तुम्ही बीपी मोजलात. परत मोजलात. मग पट्टा काढताना काही बोलला नाहीत, आणि मी घाबरले.

"गोळी नका देऊ आपा," आई म्हणाली. "एकदा लागली की सुटत नाय. माणूस घेऊनच जाती. मी बघितलंय."

मला वाटलं, आता तुम्ही तिला समजावून सांगाल. रक्तदाब म्हणजे काय, नसा म्हणजे काय. माझ्याकडं तर एक अख्खं पत्रक तयार होतं. तुम्ही उठलात, बरण्यांपाशी गेलात, यातलं थोडं, त्यातलं थोडं घेतलंत, पुडी बांधलीत. ती तिच्यासमोर ठेवून म्हणालात, हे औषध; रोज सकाळी उकळून, गाळून घ्यायचं. मग उजव्या हाताची पट्टी पुढं सरकवलीत.

"आणि हे त्याचं अनुपान. याच्याबिगर काढा लागू पडत नाही."

आई विचारात पडली. "मधासारखं?"

"हौ. मधासारखं. फक्त गोड नाही."

आईनं पट्टी उचलली. बाबांच्या मागं पहिल्यांदा तिनं गोळी हातात घेतली, आणि ती औषध म्हणून नाही, औषधाबरोबर घ्यायची एक फालतू गोष्ट म्हणून. मी बाकावर बसून बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही खरं उलटं करून ठेवलंत, आपा. पायावर उभं असलेलं डोक्यावर केलंत. आणि ते चाललं. पुढं तिचं डोकं दुखायचं थांबलं, चक्कर गेली, आणि शेजारपाजारी ती सांगत सुटली की आपाच्या काढ्यात लई गुण आहे.

मी कुठल्या घरात वाढले ते लोकांना सांगावं लागेल, तुम्हाला नाही. बाबा कारखान्यात होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मजुरीवर, पाण्यावर, आणि सगळ्यांत जास्त लोकांना फसवणाऱ्यांवर. मी अक्षरं पत्रकांवर गिरवली. नाव ठेवलं क्रांती. त्यावरून तुम्ही मला किती छळलंत. माझा घसा बसला तेव्हा अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणालात, "क्रांतीचा आवाज बसलाय, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्यात." मी अँटिबायोटिक मागितलं होतं. तुम्ही दिलं नाही. हा विषाणू आहे, याला ते औषध चालत नाही, विज्ञानवाली ना तू, मग मागतेस कशी, म्हणालात. मी गप्प बसले. घसाही बसला होता म्हणा.

बाबा गेल्यावर घरात पलंगाखाली न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे राहिले. आईला ते जाळवेनात, रद्दीत देववेनात. तिनं त्यातले बरेच तुम्हाला आणून दिले. पाठकोरे आहेत, पुड्या बांधायला होतील. तेव्हापासून तुमचा प्रत्येक काढा बाबांच्या पत्रकात बांधून जायचा. आमच्या घरीही तसाच यायचा. पुडी उलगडली की आत बडीशेप आणि सुकलेल्या पाकळ्या, आणि कागदाच्या दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात, ‘भूलथापांना बळी पडू नका’.

मी त्या कागदावरून तुमच्याशी भांडायला आले होते. आठवतं? तुम्ही म्हणालात, तुझे वडील इतकी वर्षं वाटत होते, लोक नाल्यात टाकायचे. आता लोक घरी नेतात, घडी उलगडतात, रोज सकाळी हातात धरतात. मी जास्त खपवलंय की त्यांनी?

मग मी तुमच्यावरच पत्रक काढलं. नाव घातलं नव्हतं, पण गुलमंडीत कुणाला नाव लागणार होतं. रुग्णाला खरं सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, असं त्यात लिहिलं होतं. ते वाक्य मी आजही मागं घेत नाही. तुम्ही ते पत्रक बाकासमोरच्या भिंतीवर चिकटवलंत. नंबर येईपर्यंत लोक ते वाचायचे, आणि नंबर आला की आत जाऊन काढा मागायचे. मी कपाळाला हात लावला. तुम्ही म्हणालात, "बघ, मी तर लपवलं नाही."

पण आईपासून लपवलं होतंत. तिला वाचता येतं, मात्र तुमच्या भिंतीवर माझं काही असलं की ती तिकडं बघायचीच नाही. पोरगी आपाला नावं ठेवते याची तिला लाज वाटायची.

आपलं खरं भांडण झालं ते त्या दुपारी. दवाखान्यात कुणी नव्हतं, तुम्ही टेबलावरच डबा उघडला होता, अर्धी पोळी माझ्याकडं सरकवली होती. मी विचारलं, माझ्या आईला तुम्ही मूर्ख समजता का? तुमचा घास हातात राहिला. मग म्हणालात, पत्रक लिहिताना मोठ्या अक्षरात काय लिहितेस? लोक थांबतील असं काहीतरी. आणि खरं म्हणणं? ते खाली, बारीक अक्षरात. माझा काढा मोठं अक्षर आहे. गोळी बारीक अक्षर आहे.

मी म्हटलं, आमचं मोठं अक्षर खोटं नसतं.

"नेहमी?" तुम्ही विचारलंत.

मी उत्तर दिलं नाही. आत्ताही देत नाही. पण त्या दिवशी मी मागं हटले नाही, म्हटलं, निदान एवढं तरी कबूल करा की काढ्यात काही नसतं. नुसतं पाणी असतं, तुम्हालाही माहीत आहे. यावर तुम्ही चिडलात. मी तुम्हाला चिडलेलं फारसं बघितलेलं नाही. उठून एक बरणी आणलीत, त्यातली पिवळट मुळी माझ्या नाकासमोर धरलीत. "हे काय आहे? ज्येष्ठमध. बाजारातल्या सगळ्या तयार काढ्यांत असतं. तुझ्या आईच्या पुडीत मी कधी घालत नाही. यानं बीपी चढतो. काही नसतं म्हणू नको. काही असतं, म्हणून तर जपावं लागतं."

मग तुम्ही परत बसलात आणि एकदम थकल्यासारख्या दिसलात. डब्याचं झाकण लावता लावता म्हणालात की तुम्हीही अडकलाय. सरळ गोळी दिली तर पेशंट पलीकडच्या गल्लीतल्या पावडरवाल्याकडं जाणार. तो पुडीत स्टिरॉइड घालतो, पेशंटला दोन दिवसांत तरतरी येते आणि वर्षभरात सगळं शरीर बसतं. त्याच्या पुडीपासून वाचवायला तुम्ही तुमची पुडी बांधायचात. "खरं सांगितलं तर पेशंट जातो. खोटं सांगितलं तर तू येतेस. मी कुठं जाऊ, सांग?"

मला तेव्हा हसू आलं. आता येत नाही.

त्याच दुपारी तुम्ही मला शब्द दिलात आणि माझ्याकडून घेतलात. आईला तुम्ही स्वतः सांगणार होतात. बीपी जरा बसू दे, भीती जरा मोडू दे, मग मी तिला समोर बसवून सांगेन की औषध गोळीत होतं. "मी बोलले होते, मीच परत घेईन. तू नक्को सांगू. तुझ्या तोंडून ते भांडण वाटेल." मला ते पटलं. खोटं बोलणाऱ्यानंच ते दुरुस्त करावं, यात तत्त्व होतं. मी शब्द दिला.

मग उन्हाळा जाऊ दे झालं. ईद होऊ दे झालं. शेवटचं मी विचारलं तेव्हा तुम्ही खुर्चीत जरा कलून बसला होतात, छातीवर हात होता. मी विचारलं, बरं नाही का? ॲसिडिटी आहे म्हणालात. दुसऱ्याची छाती अशी दुखली असती तर तुम्ही त्याला रिक्षात घालून हॉस्पिटलात पाठवलं असतंत. निघताना म्हणालात, पुढच्या खेपेला आईला घेऊन ये, सांगून टाकू.

पुढची खेप म्हणजे तुमची मयत. आई बायकांत बसून रडली. मी भिंतीशी उभी होते आणि मला रडण्याआधी राग येत होता. तुम्ही सांगायच्या आधी गेलात. माझ्या गळ्यात तुमचं ते अनुपानाचं वाक्य बांधून गेलात, आणि वरून माझा शब्दही घेऊन गेलात.

आईच्या डब्यातल्या पुड्या संपल्या. पट्ट्या संपल्या नव्हत्या. त्या सकाळी मी गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन गेले तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मीच वेडी आहे.

"नुसतं अनुपान घेऊन काय करू? औषध कुठंय?"

आपा, तुमचं वाक्य तिनं किती नीट जपलं होतं. त्याला कुठंही भेग नव्हती. औषधाशिवाय अनुपान कुणी घेत नाही, हे तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

मी तिला नव्या डॉक्टरांकडं नेलं. तरुण आहेत, नीट तपासतात, तीच गोळी लिहून दिली आणि काढ्याची गरज नाही असं स्पष्ट सांगितलं. मी आयुष्यभर ज्या डॉक्टरची वाट बघत होते तो हाच होता. आई त्यांना ‘व्हय साहेब, व्हय साहेब’ म्हणाली, घरी आली आणि पट्टी चहाच्या डब्याच्या मागं ठेवून दिली. पुढच्या वेळी त्यांनी बीपीचा जो आकडा सांगितला तो ऐकून तुम्ही खुर्ची सोडून उठला असतात. नळावर ती परत भिंत धरायला लागली. एकदा तिच्या हातातून कळशी सुटली. मला विचाराल तर त्या कळशीच्या आवाजानं मी हरले.

तुमची सबा पुण्याहून आली होती, घर आवरत होती. मी तिला विचारलं, माझ्या आईच्या पुडीत बडीशेप-पाकळ्यांशिवाय काय घालायच्या त्या? सबा म्हणाली, अम्मी प्रत्येकाला वेगळं द्यायची, मला कसं कळणार? तूच जास्त बसायचीस तिच्याजवळ. मग म्हणाली, ती घरी येऊन सांगायची, आज पत्रकवाली आली होती, आज जेवण छान गेलं. मी तिथून लवकर निघाले.

आणि मग मी शब्द मोडला. तुम्ही गेल्यावर तो कुणासाठी पाळायचा? आईला समोर बसवलं, तुम्ही बसवणार होतात तसं, आणि सांगितलं की औषध गोळीत होतं. काढा तू गोळी घ्यावीस म्हणून होता.

आईनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं, पोचलं.

"आपा जिती होती तवा बोलायचं होतंस तिच्या तोंडावर," आई म्हणाली. "आता मेलेल्या माणसावर आळ घ्यायलीस?"

तिच्या तोंडावर मी वर्षानुवर्षं सगळं बोलले होते, फक्त हे एक तुझ्यासमोर बोलले नाही, कारण तिनं शब्द घेतला होता, असं मी सांगू लागले. ते ऐकायला किती बनावट वाटत होतं, माझं मलाच कळत होतं. आई उठली. जाता जाता म्हणाली, "ल्हानपणापासनं तुझं हेच हाय. काढ्यात काय नाय, अंगाऱ्यात काय नाय, कशातच काय नाय. तुझा बापबी असाच. एक आपा होती, जिच्यात कायतरी होतं."

तुम्हाला कळतंय का काय झालं ते? खरं बोलायची वेळ आली तेव्हा माझ्या खऱ्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. ते मी इतकी वर्षं इतक्या जोरात सांगितलं होतं की ते आता घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं झालं होतं. आणि तुमच्या खोट्यावर तिनं जीव टाकला होता, अगदी शब्दशः. खरं सांगितलं तर गोळी नाही. सांगितलं नाही तर मी मी उरत नाही. मधे बसायला तुमचं बाकही नव्हतं.

मी गुलमंडीत गेले. काष्ठौषधीच्या दुकानात तयार काढ्याची पाकिटं टांगलेली असतात. मी एक मागितलं. कुठलंही चालेल म्हटलं, शेवटी पाणीच तर असतं. दुकानदारानं पाकीट काढून दिलं. मी सवयीनं मागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव ज्येष्ठमध.

ते पाकीट हातात धरून मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. मागून लोक म्हणत होते, ताई, सरका. तुमचा चिडलेला चेहरा समोर होता आणि नाकाशी ती मुळी. तुम्ही मला त्या दुपारी हरवायला सांगत नव्हतात, शिकवत होतात. मी मात्र भांडत होते, त्यामुळे सगळं पाठ झालं. पाकीट परत दिलं. सुटी बडीशेप घेतली, धने घेतले, गुलाबाच्या सुकलेल्या पाकळ्या घेतल्या. घरी येऊन नव्या डॉक्टरांना फोन करून विचारलं, हे चालेल ना? ते म्हणाले, चालेल, पण कशाला? मी म्हटलं, अनुपान आहे.

पलंगाखालून बाबांचं एक पत्रक काढलं. त्यात पुडी बांधली, कारण आईनं ती बांधलेली बघायला हवी होती. माझ्या घड्या तुमच्यासारख्या बसल्या नाहीत.

पहिला घोट घेऊन आई म्हणाली, "पातळ झालाय. आपाच्या हातचा नाय." मी गोळी पुढं केली. तिनं गोळी घेतली. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले. तुमच्यासाठी, पहिल्यांदा.

चळवळीतले मित्र विचारतात, तू त्या बाईंवर लिहिणार? मी म्हणते, त्यांच्यावर नाही, त्यांना लिहिणार. मी बदललेली नाही, आपा. तुमचं ते वाक्य चूक होतं. आईला खरं ऐकण्याचा हक्क होता आणि तुम्ही तो तिच्याकडून काढून घेतला होता. भिंतीवरच्या पत्रकातली एकही ओळ मी खोडणार नाही. फक्त आता रोज सकाळी तुमचं वाक्य मी उकळते. एकच पेशंट आहे माझा, आणि मी त्याची फसवणूक करते.

पूर्ण नाही. तेवढं तरी मी राखलंय. पेला तिच्या हातात दिला, गोळी तळहातावर ठेवली, की मी रोज म्हणते, "आई, औषध गोळीत आहे. काढा नुसता चवीला आहे." ती म्हणते, "व्हय." आणि पिते. विश्वास ठेवत नाही, पण ऐकून घेते. बीपी उतरतोय. कळशी ती परत स्वतः भरते. मला वाटतं, कधीतरी ते वाक्य तिच्या आत जाईल. तुम्हीही असंच काहीतरी म्हणत म्हणत उन्हाळे ढकललेत, हे मला कळतं.

काल मला उशीर झाला होता. पेला दिला, गोळी दिली, आणि चप्पल घालायला दाराशी गेले. मागं वळून बघितलं तर आई तशीच बसलेली. पेला एका हातात, गोळी दुसऱ्या तळहातावर. विचारलं, काय झालं, घे ना.

"तू म्हणली नाय अजून."

"काय?"

"ते तुझं. रोज म्हणतीस ते." तिनं पेला जरा वर उचलून दाखवला. "म्हण लवकर, गार व्हायलंय."

मी चप्पल काढली. परत आत आले, तिच्यासमोर बसले. आणि म्हटलं, आई, औषध गोळीत आहे.

तिनं मान डोलावली, गोळी जिभेवर ठेवली, आणि वरून काढा प्याली.